विज्ञानाची पेटी नको, शिधा द्या

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत विज्ञानाचं साहित्य नसतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. पुष्कळ शाळांत ते असतं, फक्त मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं. कधी एखाद्या सरकारी योजनेतून आलेली पेटी, कधी कंपनीच्या सीएसआरमधून मिळालेली, कधी गावातून शहरात गेलेल्या कुणी हौसेनं दिलेली. उघडून पाहिली तर भिंगं अजून कागदात गुंडाळलेली सापडतात. पट्टीचुंबक सजातीय ध्रुव शेजारी ठेवून वर्षानुवर्षं पडून राहिल्यानं निम्मे मेलेले असतात आणि विजेरीचे सेल गळून स्प्रिंगवर पूड जमलेली असते. यावर ‘शिक्षकच आळशी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं कारण त्याच कपाटातल्या एका वहीत आहे. तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात.

शाळेत आलेली टिकाऊ वस्तू या वहीत चढते. एकदा चढली की ती उतरवायला निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. मुख्याध्यापकाची बदली झाली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यायची. सहा भिंगांपैकी दोन फुटली, तर ती दोन गेली कुठे याचं उत्तर तयार हवं. ऑडिटमध्ये भिंग न वापरल्याबद्दल आजवर कुणाला विचारणा झालेली नाही, हरवल्याबद्दल होते. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

दुसरीकडे शालेय पोषण आहाराचा तांदूळ पाहा. तो संपण्यासाठीच येतो. किती शिल्लक राहिला यापेक्षा किती मुलं जेवली हे विचारलं जातं, आणि संपला की पुन्हा येतो. लहान मुलांच्या विज्ञानाचं साहित्य याच शिध्यासारखं यायला हवं: थोडं, स्वस्त, फुटण्या-हरवण्या-संपण्याची मुभा असलेलं आणि दरवर्षी नव्यानं. पेटी आणि शिधा यांतला फरक किमतीचा वाटला तरी तो हिशेबाच्या पद्धतीचा आहे, आणि गरीब घरातल्या मुलाच्या हातात भिंग येणार की नाही हे त्या पद्धतीवरच ठरतं.

बरी कमाई असलेल्या घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला काय मिळतं ते पाहू. प्रयोगांचे खोके मिळतात, सुट्टीत विज्ञान केंद्राची सहल होते. पण या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वस्तू मोडण्याची परवानगी. जुना रिमोट उघडला तर घरात आकांत होत नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात, पाणी हंड्यानं येतं आणि चार्जर एकच आहे, तिथे ही परवानगी आईबापांनी कितीही ठरवलं तरी परवडत नाही. ती द्यायची तर शाळेनंच द्यायची.

आणि सरकारचा हाताने करायच्या विज्ञानावरचा ठळक खर्च सुरू होतो सहावीपासून. अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी, प्रत्येकी 20 लाखांच्या अनुदानाची. सरकारी नसली तरी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही सहावी आणि नववीसाठी; तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते आणि तिच्या तयारीचे खासगी क्लास चालतात. लॅब वाईट नाही, स्पर्धा तर नाहीच. पण दोन्ही ठिकाणी अकरा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी राहतात, आणि त्यातल्या एकाने पाच वर्षं वस्तू हाताळलेल्या असतात. दुसऱ्याने परिसर अभ्यासाच्या धड्याखालचे प्रश्न सोडवलेले असतात. मग पहिला ‘हुशार’ ठरतो.

प्राथमिक वर्गात प्रयोग होतच नाहीत असंही नाही. होतात, पण ‘घरून आणा’ या पद्धतीने. उद्या येताना पारदर्शक ग्लास, दोन फुगे, मेणबत्ती आणि लिंबू आणा. शिक्षकाला हे बिनखर्चाचं वाटतं. ज्या घरात लिंबू रोज येत नाही तिथे ती फी असते, आणि पावती नसल्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही. ज्या मुलीने काही आणलं नाही ती गटात मागे उभी राहते, पाहते, आणि दुसऱ्या वेळी त्या दिवशी शाळेतच येत नाही. विज्ञान प्रदर्शनाची तर आणखी मजा. ज्वालामुखी आणि सूर्यमाला स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, बक्षीस बहुधा त्यांनाच जातं आणि त्यात मुलाने काय केलं हा प्रश्न परीक्षकही विचारत नाहीत. प्राथमिक शाळेत प्रयोगाचं साहित्य घरून मागवायला सरळ बंदी घालावी. कडधान्याची मूठ, रिकामी बाटली एवढाच अपवाद, आणि तोही ऐच्छिक.

आता शिधा म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं, कारण ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं की प्रश्न सुटला असं मानायची आपल्याकडे खोड आहे. तीस मुलं धरू. पाच-पाचांचे सहा गट. सहा प्लास्टिकची हातभिंगं, सहा फेराइटची कडीसारखी चुंबकं, सहा मोजपट्ट्या, दहा मिलीच्या बिनसुईच्या बारा सिरिंज, त्यांच्या तोंडावर बसणारी दोन मीटर बारीक नळी, पेन्सिल सेल चोवीस, लाल एलईडी वीस, 220 ओहमचे रोधक (रेझिस्टर) वीस, मऊ तारांची दुहेरी वायर पाच मीटर, फुगे, मेणबत्त्या, हळद. घाऊक बाजारात हा सगळा ऐवज हजार-बाराशे रुपयांच्या आसपास बसतो. पुढच्या वर्षी भिंगं-चुंबकं बहुतेक शिल्लक असतात, म्हणून भर घालायला पाचशे-सहाशे पुरतात. एका टिंकरिंग लॅबच्या अनुदानात दीड हजारांहून जास्त शाळांचा पहिल्या वर्षाचा शिधा भागतो. लॅब बंद करा असं नव्हे, पण रक्कम पाहून ‘परवडत नाही’ हे कारण तरी पुढे करू नये.

यादी स्वस्त असली तरी बिनडोक नसावी. विजेचं मंडल घ्या. जुन्या पुस्तकांत विजेरीचा तारेचा बल्ब असतो. तो आता तालुक्याच्या बाजारातही सहज मिळत नाही, म्हणून शिक्षक एलईडी आणतात, एका सेलला जोडतात आणि तो पेटत नाही. पेटणारच नाही. लाल एलईडीला साधारण 1.8 ते 2 व्होल्ट लागतात, सेल देतो दीड. दोन सेल एकापुढे एक लावले की तीन व्होल्ट मिळतात आणि लाल दिवा लागतो. पांढऱ्याला जवळजवळ तीन व्होल्ट लागतात, म्हणून सेल किंचित उतरले की तो मंदावतो. यादीत लाल एलईडी हवा तो यासाठी. कुणी उत्साहाने नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट जोडतं आणि एलईडी क्षणात जळतो. 220 ओहमचा रोधक (पट्टे लाल, लाल, तपकिरी) एलईडीच्या एका पायाला कायमचा पिळून ठेवला की दोन सेलांवरही दिवा नीट दिसतो आणि चार सेल लावले तरी जळत नाही. एलईडीचा लांब पाय धन. मुलं पाय कापतात किंवा वाकवून मोडतात आणि खूण जाते. तेव्हा कडेचा सपाट भाग बोटाने चाचपायचा, ती ऋण बाजू. तारेची टोकं सोलायला मुलं दात लावतात, म्हणून ते काम शिक्षकाने नेलकटरने आधीच करून ठेवावं.

मंडल जमलं की खरी गंमत मध्ये ठेवलेल्या वस्तूंची. चमचा, किल्ली, खोडरबर यांत मुलांना फारसं नवल नसतं. पेन्सिलीचं शिसं ठेवलं की दिवा लागतो पण मिणमिणता, आणि वर्गात भांडण सुरू होतं. मिठाच्या पाण्यात मात्र दोन सेलांवर दिवा लागत नाही. मग फळ्यावर ‘मिठाचं पाणी दुर्वाहक’ असं लिहिलं जातं, जे चूक आहे. सेल चार करावे लागतात. असल्या बारकाव्यांवर प्रयोग उभा राहतो किंवा पडतो, आणि पेटीसोबत येणाऱ्या रंगीत पुस्तिकेत ते क्वचितच असतात.

काही वस्तू यादीत नाहीत त्या मुद्दाम. बटण सेल नकोत. एलईडीच्या दोन पायांत चिमटून लगेच दिवा लागतो म्हणून ते फार लोकप्रिय आहेत, पण लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. चकचकीत निओडिमियम चुंबकंही नकोत. दोन गिळली गेली तर आतड्याच्या घड्या मध्ये चिमटून भोक पडतं. जुन्या स्पीकरमधलं काळं फेराइट चुंबक दिसायला ओबडधोबड, पण गिळता येत नाही. बी रुजवण्यासाठी कृषी केंद्रातलं बियाणं आणू नये, ते बुरशीनाशक लावून रंगवलेलं असतं आणि मुलं ते हाताळून तोच हात तोंडात घालतात. वाण्याकडची अख्खी मटकी, मूग किंवा हरभरा पुरतो. सोबत थोडी तूरडाळ भिजत घालावी. अख्खं बी रुजतं आणि भरडलेली डाळ नुसती फुगते, यावर तिसरीचा वर्ग तासभर बोलू शकतो. इथेही एक खाच आहे: अंधारात ठेवलेली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच होतात आणि मुलं ‘अंधारात वाढ चांगली’ असा निष्कर्ष काढतात. त्यांनी तो पाहून काढलेला आहे, तेव्हा ‘चूक’ म्हणून पुसू नये. रंग पाहायला सांगावा, देठ दोन बोटांत धरून पाहायला सांगावा, दोन्ही रोपं आणखी आठवडाभर ठेवून द्यावीत.

काही धडे शिध्याशिवायही होतात. सावलीचा घ्या. एक फूट लांबीची सरळ काठी, दोऱ्याला दगड बांधून केलेला ओळंबा आणि खडू. ‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत लहान होते’ असं आपण सगळेच म्हणत आलो. मुलांना खरोखर मोजायला लावलं तर पुण्या-नाशिकच्या शाळेत सर्वांत लहान सावली सरासरी 12:35 च्या सुमारास मिळते, मुंबईत 12:39 ला, नागपुरात 12:14 ला. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, आणि आपण त्याच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. शिवाय वर्षभरात यात पंधराएक मिनिटं मागेपुढे होतात: पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18, फेब्रुवारीच्या मध्याला 12:49. हे ठाऊक नसलेले शिक्षक मुलीची वही पाहून ‘बारा वाजताच मोजायला हवं होतं’ म्हणतात आणि तिने अचूक केलेलं काम खोडतात.

मोजतानाही अडचणी येतात. काठी ओळंब्यात नसेल तर सगळंच बिघडतं. मीटरभर उंच काठी घेतली तर सावलीचं टोक पुसट होतं, म्हणून फूटभरच बरी. आणि ऐन मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी कमी बदलते की दहा-दहा मिनिटांच्या तीन नोंदी सारख्याच येतात. यावर तोड जुनी आहे. आपल्या ज्योतिषग्रंथांतल्या शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीची. काठीभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. काठीच्या बुडापासून दोन्ही खुणांच्या मधोमध काढलेली रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. चौथीच्या मुलांना हे जमतं. डिसेंबरात पुण्याकडे 30 सेंटीमीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली 27 सेंटीमीटरच्या आसपास भरते. शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेच्या नशिबात नाही: महाराष्ट्रात तो एकदा मे महिन्यात सुट्टीत येतो आणि पुन्हा ऐन पावसाळ्यात ढगांत.

म्हणजे साहित्यापेक्षा शिक्षकाची तयारी महत्त्वाची, हे खरंच. पण ती तयारी ऑनलाइन मॉड्यूल पूर्ण करून आणि प्रमाणपत्र डाउनलोड करून होत नाही. पाण्यात उभ्या केलेल्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालायचा प्रयोग पाहा. पाणी ग्लासात चढतं आणि सांगितलं जातं की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. आपण सगळे हेच शिकलो. हे चूक आहे. पाणी चढतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून; ते ज्योत असताना हळूहळू नव्हे, विझल्यावर झपकन चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी जास्त चढतं. हे शिक्षकाने स्वतः ग्लास पालथा घालून पाहिल्याशिवाय पटत नाही.

त्यासाठी नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. जवळपासच्या शाळांच्या गटाला ‘केंद्र’ म्हणतात; त्या केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा होतात. त्यातला बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो, जी सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आधीच येऊन पडलेली असतात. त्यातला एक तास प्रयोगाला द्यावा: पुढच्या महिन्यात वर्गात करायचे दोन प्रयोग शिक्षकांनी चारचारच्या गटांत स्वतः करायचे, फसले तर तिथेच का ते शोधायचं, आणि जाताना त्या दोन प्रयोगांचं साहित्य पिशवीत घालून न्यायचं. वाटपही झालं, प्रशिक्षणही झालं. वर्षभराची पेटी एकदम दिली की ती वस्तू होते. महिन्याची पिशवी दिली की ती संपवावी लागते.

हे हवेतलं बोलणं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झाला आणि 30 वर्षं सरकारी शाळांत चालला. तो सहावी ते आठवीसाठी होता, पण त्याची घडण इथेही लागू पडते. किटची दरवर्षी भरपाई, शिक्षकांच्या मासिक बैठका, शाळेत जाऊन पाठपुरावा, आणि पुस्तक उघडं ठेवून द्यायची परीक्षा, जोडीला प्रात्यक्षिक. या चार गोष्टी एकत्र होत्या म्हणून तो टिकला. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी अरविंद गुप्ता यांच्यामुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचली, त्यांचं मूळही त्याच कार्यक्रमात आहे. खेळणी आपण उचलली. मासिक बैठक आणि भरपाई उचलली नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. ज्या मुलांना तिसरीत धड वाचता येत नाही त्यांना कसलं विज्ञान? निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान 2021 मध्ये सुरू झालं तेव्हापासून पहिली ते तिसरीचा सगळा भर वाचन आणि अंकज्ञानावर आहे, आणि तो भर योग्यच आहे. पण वाचायचं काय? ‘बारा बिया घेतल्या. नऊ रुजल्या. तीन का रुजल्या नाहीत?’ या तीन ओळी मुलाने स्वतः सांगितलेल्या असतील, शिक्षकाने फळ्यावर लिहिल्या असतील, तर त्या वाचायला ते मूल धडपडतं. बारातून नऊ वजा करणं त्यातच आलं. आठवड्यातून चाळीस मिनिटांचे दोन तास, तेही भाषा आणि गणिताच्या तासिकांतूनच घ्यावेत, वेगळे मागू नयेत. वेगळे मागितले की पहिली गदा त्यांच्यावरच येते. दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेत तर याची सोयच आहे. सावली मोजायला पहिलीचं मूल खडू धरतं, चौथीचं आकडा वाचतं.

वेळापत्रकही मुलांच्या आयुष्यावरून ठरायला हवं. बीड किंवा अहिल्यानगरच्या काही भागांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मुलं मार्च-एप्रिलपर्यंत नसतात. म्हणून ज्याला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे रोप वाढवणं, फुलपाखराची अळी, पावसाचं मोजमाप, ते जुलै ते सप्टेंबरमध्येच उरकावं. नोव्हेंबरनंतर एका तासात सुरू होऊन संपणारे प्रयोग घ्यावेत, म्हणजे जी मुलं गावात हंगामी वसतिगृहात राहिली किंवा कारखान्याजवळच्या शाळेत दाखल झाली, त्यांना अर्धवट काही मिळणार नाही.

अंगणवाडीबद्दल थोडक्यात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना प्रयोग नको, पाणी हवं. घमेलंभर पाणी, वेगवेगळ्या आकाराची भांडी, बटाटा, वांगं, लाकडाचा तुकडा, दगड. काय तरंगेल ते आधी बोलायचं, मग टाकायचं. संत्रं सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं. एवढ्यावर पंधरा मिनिटं जातात. शेंगदाणे, वाटाणे, मणी या वयात हातात देऊ नयेत. ते नाकात जातात, श्वासनलिकेत अडकतात. आणि जिथे पाणी टँकरने येतं तिथे हाच खेळ वाळूवर करावा, सेविकेला पाण्याचा हिशेब देत बसायला लावू नये.

राहिला पैशाचा मार्ग. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेच्या निकषांत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान आहे. त्यातून वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती भागवायची असते, म्हणून ‘याच अनुदानातून विज्ञान साहित्य घ्यावे’ असं परिपत्रक काढणं म्हणजे काहीच न करणं. पटावरच्या प्रत्येक मुलामागे 40 रुपये, वेगळ्या शीर्षाखाली, जूनमध्ये शाळांच्या केंद्राच्या पातळीवर जमा व्हावेत. मार्चअखेर आले तर आलेल्या पैशाची बिलं तेवढी होतील. खरेदी केंद्रप्रमुख आणि दोन शिक्षकांनी स्थानिक बाजारातून करावी, राज्यपातळीवर निविदा काढली की पुन्हा पेटीच येईल. आणि शासन निर्णयात एक वाक्य असावं: दोनशे रुपयांखालील शैक्षणिक वस्तू उपभोग्य साहित्य समजली जाईल, तिची जडवस्तू संग्रहात (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) नोंद होणार नाही आणि मोडल्यास निर्लेखनाची गरज नाही. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी मग शिल्लक साठा न विचारता कुठल्याही एका मुलाची वही मागावी आणि किती सेल संपले ते पाहावं.